टॅब दाबला तरी फझी यादी येत नाही: झेडशेलमध्ये हे पुन्हा पुन्हा का होतं आणि शोधायचं कुठून

कालपर्यंत टॅब दाबला की खाली यादी उघडायची, मधलीच दोन-तीन अक्षरं टाकली तरी हवी ती फाइल वर यायची (फझी म्हणतात ते हेच), आणि आज नवीन टर्मिनल उघडलं तर तोच टॅब झेडशेलची (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या शेल प्रोग्रामची) जुनी साधी यादी दाखवतोय किंवा नुसताच बीप वाजवतोय. मुद्दाम कोणी काही बदललेलं नसतं. आमच्या बाणेरच्या ऑफिसात नवीन लॅपटॉप मिळाला, उबंटू अपग्रेड झालं, नाहीतर एखादं क्लाऊडचं टूल टाकलं, की एक-दोन दिवसांत कोणीतरी येतंच, "दादा, माझा टॅब परत गेला, जरा बघता का?" आणि येईपर्यंत बहुतेकांनी नेटवरच्या चार ठिकाणच्या ओळी आपल्या .झेडएसएचआरसी या सेटिंगच्या फाइलीच्या शेवटी चिकटवलेल्या असतात, त्यामुळे मूळ बिघाड एकच असला तरी बघायला बसेपर्यंत त्याचे तीन झालेले असतात. म्हणून जे दरवेळी तोंडी सांगतो ते इथे सविस्तर लिहितोय.

सेटअप धरलाय तो असा: झेडशेल (म्हणजेच झेडएसएच), त्यावर एफझेडएफ, आणि टॅबसाठी एफझेडएफ-टॅब हे प्लगइन. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

आधी कोण काय करतं ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. एफझेडएफ हा जुनगन चोई या कोरियन प्रोग्रामरने २०१३ मध्ये सुरू केलेला प्रोग्राम, आणि त्याला शेलबद्दल काहीच माहिती नसते. त्याला ओळी द्या, तुम्ही टाइप कराल तसा तो त्या गाळतो, निवडलेली ओळ परत देतो, बास. त्याच्यासोबत शेलसाठी एक जोडणी येते, तिच्यामुळे कंट्रोल-आरवर हिस्टरी, कंट्रोल-टीवर फाइली, ऑल्ट-सीवर डिरेक्टरी, आणि शब्दाच्या शेवटी दोन स्टार टाकून टॅब दाबला की फझी यादी मिळते. एफझेडएफ-टॅब हे पूर्णपणे वेगळं, दुसऱ्याच माणसाने लिहिलेलं प्लगइन आहे. ते झेडशेलचं स्वतःचं कम्प्लीशन, म्हणजे अर्धवट शब्द पुरा करायची सोय, चालवतं, त्यातून आलेली यादी पकडतं आणि झेडशेलच्या मेन्यूऐवजी एफझेडएफच्या हातात देतं. म्हणजे 'गिट चेकआउट' लिहून टॅब दाबला की ब्रांचची नावं शोधून आणणारं झेडशेलच असतं, एफझेडएफ नाही. मार्केट यार्डातून भाजी आणणारा एक आणि घरी बसून ती निवडणारा दुसरा असं हे काम आहे, पिशवीतच मेथी नसेल तर निवडणाऱ्याला कितीही बोललात तरी मेथी मिळणार नाही. म्हणून "फझी चालत नाही" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हे ठरवतो की यादीच येत नाहीये, की यादी येतेय पण तिच्यात हवं ते नाहीये. दोन्हीची कारणं वेगळी आहेत आणि उपाय एकमेकांच्या अजिबात कामाला येत नाहीत.

यादीच येत नसेल तर कुठलीही फाइल उघडायच्या आधी एकच कमांड द्यायची. बाइंडकी, मग स्पेस, मग सिंगल कोटमध्ये कॅरेट आणि कॅपिटल आय, म्हणजे बाइंडकी '^आय'. टर्मिनलच्या दृष्टीने टॅब आणि कंट्रोल-आय ही एकच गोष्ट आहे, दोन्ही आस्की ९ हाच बाइट पाठवतात, म्हणून टॅब कोणाकडे आहे हे असं विचारायचं (आणि म्हणूनच कोणी कंट्रोल-आयला स्वतःचं काहीतरी लावलं असेल तर त्याचा टॅब गेलाच म्हणून समजा). उत्तरात एका विजेटचं, म्हणजे ती कळ दाबल्यावर चालणाऱ्या कामाचं, नाव येतं. 'एफझेडएफ-टॅब-कम्प्लीट' आलं तर कळ बरोबर जागी आहे, बिघाड पुढे कुठेतरी आहे. 'एक्स्पांड-ऑर-कम्प्लीट' आलं तर हा झेडशेलचा मूळ टॅब, म्हणजे प्लगइन लोडच झालेलं नाही किंवा लोड झाल्यावर कोणीतरी कीमॅप, म्हणजे कोणती कळ काय करते त्याची यादी, बदललाय. 'एफझेडएफ-कम्प्लीशन' आलं तर टॅब शेवटी एफझेडएफच्या स्वतःच्या जोडणीने घेतलाय. ती जोडणी टॅब घेताना आधी तिथे काय होतं ते लक्षात ठेवते आणि दोन स्टार नसतील तेव्हा काम त्याच्याकडे सोपवते, त्यामुळे आधी एफझेडएफ-टॅब व्यवस्थित लागलं असेल तर सहसा फरकही जाणवत नाही, पण ते लागलंच नसेल तर तुम्हाला फक्त दोन स्टारवालं फझी मिळणार आणि बाकी सगळीकडे साधा टॅब. "कधी येतं कधी नाही येत" असं जे लोक सांगतात त्यातलं बरंचसं हेच असतं, कधीकधी ते नकळत दोन स्टार टाकत असतात.

आता क्रम. .झेडएसएचआरसी फाइल वरून खाली वाचली जाते आणि टॅबच्या बाबतीत क्रमालाच सगळं महत्त्व आहे. आधी कम्प्लीशन फाइलींचे जास्तीचे फोल्डर एफपाथमध्ये, म्हणजे झेडशेल त्या फाइली जिथे शोधतं त्या यादीत, घालायचे. मग ऑटोलोड करून कॉम्पइनिट, म्हणजे कम्प्लीशन उभं करणारी कमांड, एकदाच. त्यानंतर एफझेडएफची जोडणी. त्यानंतर एफझेडएफ-टॅब. आणि सगळ्यात शेवटी विजेटना गुंडाळणारी प्लगइन, म्हणजे ऑटोसजेशन्स आणि सिंटॅक्स हायलायटिंग. कॉम्पइनिट आधी का, तर एफझेडएफ-टॅबला पकडायला झेडशेलची कम्प्लीशन यंत्रणा उभी असावी लागते. ऑटोसजेशन्स नंतर का, तर ते बाकीच्या विजेटवर आपलं आवरण चढवतं, म्हणून आतलं विजेट आधी जागेवर असलेलं बरं. एफपाथ कॉम्पइनिटच्या आधी का, तर कॉम्पइनिट चालतं तेव्हा जे फोल्डर यादीत असतील तेवढेच ते बघतं. कोणत्या प्लगइनने कधी टॅब घेतला हे कळतच नसेल तर एफझेडएफ-टॅब हे टॅबला हात लावणाऱ्यांपैकी शेवटचं राहील असं बघा, निम्म्या केसेस तिथेच सुटतात.

हा क्रम एकदा नीट लावला तरी तो टिकत नाही, आणि दुखणं परत येण्याचं खरं कारण हे आहे. बरीच टूल्स इन्स्टॉल होताना आपल्या दोन-तीन ओळी .झेडएसएचआरसीच्या अगदी शेवटी जोडतात. त्यात पाथची (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीची) ओळ असली तर काही बिघडत नाही, पण कधीकधी कॉम्पइनिटची अजून एक ओळ असते, कधी बाइंडकी असते, कधी बॅश या दुसऱ्या शेलचं कम्प्लीशन झेडशेलमध्ये ओढणारी ओळ असते. म्हणून टॅब गेला की आधी फाइलीचं शेपूट बघायचं. कॉम्पइनिट हा शब्द फाइलीत किती वेळा येतो ते ग्रेप करा, एकापेक्षा जास्त असेल तर एक ठेवून बाकीचे काढा, टर्मिनल उघडायचा वेळही कमी होतो. ओह-माय-झेडएसएच हा झेडशेलचा तयार सेटअप वापरत असाल तर ते कॉम्पइनिट स्वतःच चालवतं, तुम्ही वेगळं द्यायची गरज नाही. प्लगइनच्या कंसात एफझेडएफ-टॅब हे ऑटोसजेशन्सच्या आधी लिहायचं, आणि एफपाथच्या ओळी ओह-माय-झेडएसएच सोर्स होतं (वाचून चालवलं जातं) त्याच्या वर न्यायच्या. उबंटूवर तर /ईटीसी/झेडएसएच/झेडएसएचआरसी ही सिस्टिमची फाइलसुद्धा तुमच्या फाइलीच्या आधीच एक कॉम्पइनिट चालवते, ते नको असेल तर .झेडएसएचईएनव्हीमध्ये स्किप_ग्लोबल_कॉम्पइनिट=१ ठेवायचं. याच्या उलटी चूक म्हणजे कॉम्पइनिटच्या आधीच एखाद्या टूलची कम्प्लीशन ओळ येणं, तिथे उघडताक्षणी 'कमांड नॉट फाउंड: कॉम्पडेफ' असा एरर दिसतो, ती ओळ खाली सरकवली की काम झालं.

विम एडिटरवाल्यांसाठी एक वेगळा सापळा आहे आणि तो सहज लक्षात येत नाही. झेडशेल सुरू होताना एडिटर किंवा व्हिज्युअल या व्हेरिएबलमध्ये व्हीआय ही अक्षरं दिसली की ते आपोआप व्हीआय कीमॅप घेतं, बाइंडकी -व्ही लिहिलेलं नसलं तरी. आणि बाइंडकी -व्ही किंवा बाइंडकी -ई ही ओळ फाइलीत खाली असेल तर मुख्य कीमॅपच बदलतो, आणि प्लगइनने टॅब लावलेला असतो तो आधीच्या कीमॅपमध्ये. प्लगइन लोड झालंय, एरर नाही, तरी टॅब मूळचा, असं दिसलं की हेच बघायचं. ही ओळ फाइलीच्या अगदी वर, कॉम्पइनिटच्याही आधी न्या. व्हीआय मोडसाठी वेगळं प्लगइन वापरत असाल तर त्यातली काही पहिला प्रॉम्प्ट यायच्या वेळी उशिरा कामाला लागतात आणि मधल्या सगळ्या कळा पुन्हा लावतात, अशा वेळी त्या प्लगइनने दिलेल्या इनिट-नंतरच्या हुकमध्ये एफझेडएफ-टॅब चालू करावं लागतं. इनेबल-एफझेडएफ-टॅब नावाची कमांड आहे, तीच तिथे द्यायची.

उबंटूवर एपीटीने, म्हणजे तिथल्या पॅकेज टूलने, एफझेडएफ टाकणाऱ्यांना एक एरर हमखास येतो, 'अननोन ऑप्शन: --झेडएसएच'. हल्ली सगळीकडे सांगतात की सोर्स <(एफझेडएफ --झेडएसएच) ही एक ओळ टाका, पण हा ऑप्शन आला ०.४८ या व्हर्जनला, २०२४ मध्ये. उबंटू २२.०४ मध्ये मिळतं ०.२९, २४.०४ मध्येही ०.४४ च, डेबियन १२ मध्ये ०.३८. म्हणजे ओळ बरोबर आहे पण तुमचं एफझेडएफ जुनं आहे. दोन मार्ग आहेत. एपीटीचंच ठेवायचं असेल तर /यूएसआर/शेअर/डॉक/एफझेडएफ/एक्झाम्पल्स या फोल्डरमधल्या की-बाइंडिंग्ज आणि कम्प्लीशन अशा दोन झेडएसएच फाइली सोर्स करा. नाहीतर एपीटीचं काढून टाका आणि गिटवरून होम फोल्डरमध्ये .एफझेडएफ असं क्लोन करून त्यातली इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवा. मी दुसरा सांगतो, कारण पुढे प्रत्येक नवीन गोष्ट वाचताना व्हर्जन तपासत बसावं लागत नाही. पण दोन्ही एकाच वेळी ठेवू नका, पाथमध्ये जे आधी सापडेल ते चालतं आणि मग एका टर्मिनलमध्ये एक व्हर्जन, टीमक्सच्या आत दुसरं, असं विचित्र दिसायला लागतं. व्हिच -ए एफझेडएफ दिलं की किती आहेत ते कळतं.

मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेलच डीफॉल्ट आहे, तिथे एफझेडएफ होमब्रूने टाकलं की व्हर्जनचा प्रश्न येत नाही, पण टर्मिनल उघडल्यावर 'इनसिक्युअर डिरेक्टरीज' असं विचारतो, विशेषतः एकाच मॅकवर दोन जणांची अकाउंट असतील तेव्हा. लोक घाईत एंटर मारतात, मग कॉम्पइनिट तिथेच थांबतं आणि कम्प्लीशन उभंच राहत नाही. कॉम्पऑडिट ही कमांड दिली की कोणत्या फोल्डरवर आक्षेप आहे ते दिसतं, आक्षेप ग्रुपच्या राइट हक्काचा असेल तर तो सीएचमॉड जी-डब्ल्यूने काढायचा. कॉम्पइनिट -यू देऊन तपासणीच बंद करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, मी तो देत नाही, कारण त्या फोल्डरमधल्या फाइली तुमच्या शेलमध्ये कोड म्हणून चालतात, आणि दुसऱ्या कोणाला त्यात लिहिता येत असेल तर ती धोक्याचीच गोष्ट आहे.

एखाद्या नवीन टूलचं कम्प्लीशन तेवढं येत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर होममधल्या .झेडकॉम्पडम्पने सुरू होणाऱ्या फाइली उडवा आणि एक्झेक झेडएसएच द्या. ती नुसती साठवलेली यादी असते, परत तयार होते, काही नुकसान नाही.

आता दुसरा प्रकार, यादी येते पण "फझी नाहीये". हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे काही बिघडलेलंच नसतं, तरी लोक वैतागून प्लगइन काढून टाकतात. उदाहरण घ्या. मी सुट्टीच्या दिवशी ओळखीतल्या काही जणांना जुने कागद स्कॅन करायच्या कामात मदत करतो, तिथे फोल्डर पेठांच्या नावाने आहेत, तेही मराठीत: कसबा, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, सदाशिव, नारायण, भवानी, घोरपडे. आता सीडी लिहून 'वार' टाइप केलं आणि टॅब दाबला, तर काहीच येत नाही. पण सीडी लिहून नुसता टॅब दाबला, यादी उघडली, आणि मग आत 'वार' टाइप केलं, तर सगळे वार समोर येतात. कारण पहिल्या वेळी 'वार' हा शब्द झेडशेलने बघितला, आणि झेडशेल मुळात शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतं, वारने सुरू होणारी एकही पेठ नाही, म्हणून एफझेडएफकडे रिकामी यादी गेली. दुसऱ्या वेळी पूर्ण यादी गेली आणि गाळायचं काम एफझेडएफने केलं. टॅबच्या आधी टाइप केलेलं झेडशेलचं, टॅबच्या नंतर टाइप केलेलं एफझेडएफचं.

म्हणून माझी सवय आणि सगळ्यांना सांगणं हेच की आधी टॅब, मग अक्षरं. फार तर पहिलं एक अक्षर द्यायचं, तेही खात्रीचं असेल तर. ज्यांना टॅबच्या आधीही सैल जुळणी हवी असेल त्यांच्यासाठी झेडस्टाईल या कम्प्लीशनच्या सेटिंगच्या कमांडमध्ये मॅचर-लिस्ट, म्हणजे जुळणीच्या नियमांची यादी, आहे. लहान-मोठं अक्षर सारखं मानायचा नियम आणि डॉट, अंडरस्कोर, डॅश यांच्या पुढच्या तुकड्यापासून जुळवायचा नियम, हे दोन जरूर ठेवा, त्रास काही नाही, उपयोग रोजचा आहे. पूर्ण फझी करणारा, प्रत्येक अक्षराच्या आधी काहीही चालेल असं सांगणारा नियमही लिहिता येतो, पण हजारो फाइलींच्या फोल्डरमध्ये तो जड पडतो, आणि चुकून भलतंच जुळून आपोआप भरलं जाण्याची शक्यता वाढते, आरएम (फाइल उडवायची कमांड) लिहून टॅब मारणाऱ्या माणसाला मी ते देणार नाही. ठेवायचाच असेल तर लिस्टमध्ये सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे आधीच्या नियमांनी काहीच मिळालं नाही तरच तो लागतो.

अजून एक तक्रार अशी की एफझेडएफची यादी न उघडता झेडशेलचाच रंगीत मेन्यू उघडतो. त्यासाठी प्लगइनवाल्यांनीच सांगितलंय की ':कम्प्लीशन:*' ला मेन्यू नो द्या. ओह-माय-झेडएसएचमध्ये मात्र ही ओळ टाकूनही फरक पडत नाही आणि लोक तासभर डोकं धरून बसतात. कारण असं की ओह-माय-झेडएसएच स्वतः मेन्यू सिलेक्ट लावतं, आणि ते लावतं ':कम्प्लीशन:*:*:*:*:*' अशा पाच स्टारच्या पॅटर्नवर. झेडस्टाईलमध्ये नंतरची ओळ जिंकत नाही, जास्त नेमका पॅटर्न जिंकतो, आणि कोलनने जास्त तुकडे पडलेला पॅटर्न जास्त नेमका धरतात. म्हणून मेन्यू नो हे त्याच पाच स्टारच्या पॅटर्नवर, ओह-माय-झेडएसएच सोर्स झाल्यानंतर लिहायचं. झेडस्टाईल -एल दिलं की सध्या काय काय लागू आहे ते सगळं दिसतं. तिथेच असताना डिस्क्रिप्शन्सचा फॉरमॅट '[%डी]' असा साधा ठेवा, रंगाचे कोड त्यात घालू नका, एफझेडएफ-टॅब ते धरत नाही. तो फॉरमॅट दिला की यादीत गट पडतात, एफ१ आणि एफ२ ने गट बदलता येतो, आणि यादीत असताना स्लॅश दाबला की निवडलेल्या फोल्डरच्या आत शिरून पुढची यादी लगेच उघडते, खोल पाथ असेल तर याच्यासारखं सुख नाही.

मराठी नावांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हे कुठेच सापडत नाही आणि आपल्याकडे तलाठ्याच्या उताऱ्यापासून लग्नाच्या फोटोपर्यंत फोल्डरची नावं मराठीत असतातच. पहिलं म्हणजे झेडशेलच्या ओळीत उकार, मात्रा, अनुस्वार नीट न दिसता त्यांच्या जागी अँगल ब्रॅकेटमध्ये ०९४७ असले आकडे दिसत असतील तर सेटऑप्ट कंबाइनिंग_कॅर्स लावा. मॅकच्या सिस्टिम फाइलीत यूटीएफ-८ असेल तर ते आधीच असतं, लिनक्सवर बहुतेक वेळा आपणच लावावं लागतं. आणि लँग हे भाषेच्या सेटिंगचं व्हेरिएबल यूटीएफ-८ वालं आहे ना ते बघा, मराठीच लोकेल पाहिजे असं नाही, कुठलंही यूटीएफ-८ चालतं. सर्व्हरवर ते नुसतं सी असलं की मराठी नावांचा भुगा होतो.

मग मजेची गोष्ट. एफझेडएफ देवनागरीत काना, मात्रा, उकार, हलन्त यांना स्वतंत्र अक्षर धरतो, आणि फझी जुळणीत मधली अक्षरं गाळलेली चालतात. म्हणजे यादी उघडल्यावर 'सदशव' टाइप केलं तरी सदाशिव येतं, 'नरयण'वर नारायण येतं, 'शकरवर'वर शुक्रवार येतं. नुसती व्यंजनं मारत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. कीबोर्ड इंग्रजीतून मराठीत करायचा कंटाळा असेल तर टॅब दाबून बाणाने खाली जायचं, पण नावं शंभराच्या पुढे गेली की ही व्यंजनांची युक्ती फार वाचवते.

पण याच कामात एक खरा घोळ निघाला. 'कऱ्हाड' नावाचं फोल्डर समोर दिसतंय, यादीत 'कऱ्ह' टाइप केलं की ते गायब होतं. स्पेलिंग बरोबर, डोळ्यांना दोन्ही सारखंच. कारण तो अर्धा ऱ दोन प्रकारे साठवता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर. फोनचा कीबोर्ड एक देतो, लॅपटॉपचा दुसरा देऊ शकतो, आणि स्क्रीनवर दोन्ही एकसारखेच उमटतात. शिवाय ऱ हे अक्षर र आणि खालचा नुक्ता असं फोडूनही लिहिता येतं, जुन्या मॅकच्या फाइल सिस्टिमवर नावं अशीच फोडून ठेवली जायची. एफझेडएफ अक्षर-अक्षर जुळवतो, त्याच्यासाठी ही तीन वेगळी नावं आहेत. खात्री करायला एलएसचा आउटपुट हेक्सडम्प -सी मधून काढा. ई० ए४ बी१ दिसलं तर ते स्वतंत्र ऱ, ई० ए४ बीसी दिसलं तर नुक्ता वेगळा पडलाय, ई२ ८० ८डी दिसलं तर जॉइनर आहे. नुक्त्याचं प्रकरण कन्व्हएमव्ही या टूलला --एनएफसी देऊन एका फटक्यात सुटतं. जॉइनरवालं त्याने सुटत नाही, युनिकोड त्या दोघांना समान मानतच नाही, ती नावं झेडएमव्ही या झेडशेलच्या नाव बदलायच्या कमांडने स्वतः बदलावी लागतात, आणि आधी -एन देऊन काय बदलणार आहे ते वाचून घ्या. दुसऱ्या, तऱ्हा, सुऱ्या, जिथे जिथे हा ऱ येतो तिथे हे होणार, त्यामुळे टीममध्ये नाव देणाऱ्या सगळ्यांनी एकाच कीबोर्डने लिहायचं ठरवलेलं बरं. तोवर तात्पुरता उपाय सोपा आहे, यादीत ऱ टाळून 'कहड' टाइप करा, ते तिन्ही रूपांना जुळतं.

विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) टॅब दाबल्यावर यादी यायला वेळ लागत असेल तर ते फझीचं काम नाही. विंडोजचा सगळा पाथ लिनक्सच्या पाथला जोडला जातो आणि कमांडची नावं शोधताना झेडशेल ते सगळे फोल्डर चाळत बसतं. /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये इंटरऑपखाली अपेंडविंडोजपाथ=फॉल्स करा, मग पॉवरशेलमधून डब्ल्यूएसएल --शटडाउन देऊन परत उघडा. आणि कामाच्या फाइली सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवा.

बॅशवाल्यांना एफझेडएफ-टॅब चालत नाही, ते फक्त झेडशेलसाठी आहे. बॅशमध्ये दोन स्टारवर समाधान माना किंवा त्यासाठीचं वेगळं प्लगइन शोधा. फिश हा आणखी एक शेल वापरणाऱ्यांना यातलं काहीच करायची गरज नाही, तिथे टॅब मधली अक्षरं आपणहून जुळवतो, आणि नवीन माणसाने विचारलं तर मी सरळ फिश बघ असं सांगतो, फक्त ऑफिसातल्या स्क्रिप्ट बॅशच्या असतात हे लक्षात ठेवून.

एवढं करूनही सापडत नसेल तर झेडएसएच -एफ देऊन कोरा शेल उघडा, त्यात तुमची कुठलीच फाइल वाचली जात नाही. तिथे हाताने कॉम्पइनिट चालवा, मग एफझेडएफ-टॅबची फाइल सोर्स करा, टॅब दाबून बघा. इथे चाललं तर दोष तुमच्या .झेडएसएचआरसीत आहे हे नक्की, मग त्यातल्या ओळी अर्ध्या-अर्ध्या करून कमेंट करत जा, कोणत्या अर्ध्यात टॅब जातो ते लगेच कळतं. कोऱ्या शेलमध्येही चाललं नाही तर एफझेडएफचं व्हर्जन किंवा इन्स्टॉलेशनच तपासायला हवं. आणि .झेडएसएचआरसी गिटमध्ये ठेवा, नवीन टूल टाकलं की गिट डिफ द्या, शेपटाला काय जोडलं गेलंय ते तिथेच दिसेल.

कोणाला विचारायचं असेल तर स्क्रीनचा फोटो नको, एवढं पाठवा: बाइंडकी '^आय'चं उत्तर, एफझेडएफ आणि झेडशेल दोन्हींची व्हर्जन, व्हिच -ए एफझेडएफ, आणि .झेडएसएचआरसीमधल्या ज्या ओळींत कॉम्पइनिट, बाइंडकी, सोर्स आणि प्लगइन हे शब्द आहेत त्या, ओळीच्या नंबरासकट. ग्रेप -एन ने त्या निघतात. पासवर्ड किंवा टोकन त्या फाइलीत ठेवले असतील तर पाठवायच्या आधी ते काढा.